दात आंबतात कशाने?

चिंच खाल्ली, कच्ची कैरी खाल्ली की दात आंबतात, हे कोणाला समजावून सांगावं लागत नाही. त्यामुळे काही वर्षांपूर्वी नाशिकच्या अंबड लिंक रोडवरच्या माझ्या दातांच्या दवाखान्यात पन्नाशीच्या आतबाहेरचे एक काका आले आणि म्हणाले, "डॉक्टर, दात आंबतात, भाकरीचा तुकडा तोडवत नाही," तेव्हा मी सरळ खाण्यापिण्याकडे वळलो. लिंबू किती खाता? कोल्ड्रिंक पिता का? रात्री आंबट पाणी वर येतं का? तंबाखू आहे का? शेवटच्या प्रश्नाला ते ओशाळून हसले आणि खिशावर हात ठेवला. मला उत्तर मिळालं. केसपेपरवर लिहिलं: तंबाखू, ॲसिडिटी. पुढचे झिजलेले दात बुजवून दिले, हिरड्या साफ केल्या, तंबाखू सोडा म्हणून नेहमीचं प्रवचन दिलं.

सहा महिन्यांत बुजवलेलं निघालं. पुन्हा बसवलं. पुन्हा निघालं. तिसऱ्या वेळी काका शिफ्ट सुटल्यावर परस्पर आले, कंपनीच्या कपड्यांत. शर्टाच्या पुढच्या भागावर टाचणीनं टोचावं तशी बारीक भोकं. विचारलं तर म्हणाले, "टाकीचं उडतं थोडं थोडं." आणि मग, जणू काही विशेष नाही अशा सुरात, "सुट्टीच्या दिवशी दात आंबत नाहीत, डॉक्टर."

माझ्या आयुष्यात रोग्याने मला दिलेलं हे सगळ्यात नेमकं निदान असेल. प्लेटिंगच्या, म्हणजे लोखंडावर दुसऱ्या धातूचा थर चढवण्याच्या, आधी लोखंड आम्लात बुडवून साफ करतात, त्या पिकलिंगच्या टाकीवर काका वर्षानुवर्षं उभे होते. मी त्यांना तीनदा खुर्चीत बसवलं, आणि ते काय काम करतात हे एकदाही विचारलं नव्हतं.

हा लेख त्या न विचारलेल्या प्रश्नाबद्दल आहे. सातपूर, अंबड, सिन्नर, गोंदे या कारखान्यांच्या पट्ट्यात हजारो माणसं रोज रसायनांची वाफ, धूर आणि धूळ श्वासातून घेतात. त्याची काळजी करायची म्हटली की आपण छातीचा एक्स-रे काढतो, फुंकर मारायला लावून फुप्फुस मोजतो, फार तर कान तपासतो. तोंड उघडायला कोणी सांगत नाही. वास्तविक तोंडाने श्वास घेतला की ती हवा फुप्फुसात पोचायच्या आधी दातांवरून, हिरड्यांवरून जाते. नाक्यावरचा पहिला पोलीस तोच, आणि त्याचीच साक्ष आपण कधी काढत नाही. कामगारांच्या वैद्यकीय तपासणीत तोंडाची तपासणी सक्तीची झाली पाहिजे आणि आम्लाने झिजलेले दात कामामुळे होणाऱ्या आजारांच्या कायद्यातल्या यादीत आले पाहिजेत, असं माझं म्हणणं आहे. त्याला आमच्याच व्यवसायातून होणारा विरोधही मला ठाऊक आहे. त्याकडे येतोच.

आधी टाकीवर काय होतं ते पाहू. प्लेटिंगच्या बाथमध्ये, म्हणजे रसायनाच्या टाकीत, वीज सोडली की धातू बसतो, पण सोबत हायड्रोजनचे बुडबुडेही सुटतात. क्रोम प्लेटिंगमध्ये तर विजेचा थोडाच वाटा क्रोम बसवण्यात खर्ची पडतो, बाकीची बहुतेक वीज बुडबुडे काढण्यात जाते. सोड्याच्या ग्लासावर तोंड नेलं की नाकावर बारीक शिंतोडे बसतात ना, तसंच इथे होतं. फक्त सोड्याच्या जागी आम्ल असतं. बॅटरी पहिल्यांदा चार्ज करतात त्या विभागात हाच प्रकार गंधकाम्लाचा. हे थेंब इतके बारीक की ते धुक्यासारखे हवेत तरंगत राहतात.

आता त्या धुक्यात उभा असलेला माणूस जड रॅक उचलतोय. जड काम करताना नाक पुरत नाही, तोंड आपोआप उघडतं. मास्क असला तरी उकाड्याने हनुवटीवर उतरलेला असतो, किंवा मास्क म्हणजे गळ्यातला रुमाल. ओठ ज्या दातांना झाकत नाहीत ते पुढचे दात उघडे पडतात. दातावरचं कठीण कवच साडेपाचच्या आसपासच्या सामूला (pH, तो जितका कमी तितकं आम्ल तीव्र) विरघळू लागतं. टाकीतलं आम्ल त्याच्या कितीतरी खाली असतं. म्हणून या कामगारांचे पुढचे दात आखूड आणि पारदर्शक होतात, आणि दाढा बऱ्यापैकी शाबूत राहतात. आंबट पाणी पोटातून वर येणाऱ्याचं उलट असतं, त्याचे दात आतल्या बाजूने, जिभेकडून झिजतात. म्हणजे दातांकडे नीट पाहिलं तर आम्ल कोणत्या दाराने आलं हे कळतं. मी पाहिलं नव्हतं, एवढंच.

घरी गेल्यावर काय होतं तेही ऐका. तोंडात दिवसभराची कडवट चव. मग माणूस राखुंडी किंवा मंजन घेऊन दात खसाखसा घासतो, काहीजण मशेरी लावतात. आम्लाने मऊ पडलेल्या कवचावर खरखरीत पावडर म्हणजे ओल्या भिंतीवर पॉलिशपेपर. शिफ्ट सुटल्यावर आधी नुसत्या पाण्याने खळाळून चुळा भराव्यात आणि घासायचं काम थोड्या वेळाने करावं, हा दोन वाक्यांचा सल्ला. मी तो किती उशिरा द्यायला लागलो हे सांगायची लाज वाटते.

दात हा झाला दिसणारा भाग. हिरडी आणि जबड्याचं हाड यांची गोष्ट अधिक गुंतागुंतीची आहे आणि तिथे बोलताना जपून बोललं पाहिजे. हिरड्यांच्या आजाराचं मूळ कारण दातांवर साचणारा जंतूंचा थर हेच आहे, त्यात वाद नाही. पण जंतू सगळ्यांच्याच तोंडात असतात. कोणाचं हाड झिजतं आणि कोणाचं नाही, हे शरीर त्या जंतूंशी कसं भांडतं त्यावर ठरतं. आपलं हाड दगडासारखं स्थिर नसतं. हाड मोडणाऱ्या पेशी आणि घडवणाऱ्या पेशी अशा दोन टोळ्या त्यात अखंड काम करतात. दातांभोवतीच्या हाडात तर हे मोडणं-घडणं फारच वेगात चालतं. हिरडीला सूज राहिली की मोडणाऱ्या टोळीला जादा पाळी मिळते. घडवणारी टोळी मागे पडते. दाताभोवतीचं हाड एकदा गेलं की बहुतेक वेळा ते परत येत नाही. लोक ज्याला पायरिया म्हणतात तो हाच.

श्वासातून येणारी रसायनं या भांडणात जंतूंची बाजू घेतात. सगळ्यात चांगला अभ्यास झालाय तो तंबाखूच्या धुराचा. निकोटिनने हिरडीतल्या रक्तवाहिन्या आवळल्या जातात, म्हणून विडी ओढणाऱ्याच्या हिरड्यांतून रक्त कमी येतं आणि त्याला वाटतं आपलं तोंड ठणठणीत आहे. आतमध्ये हाड झिजत असतं. संरक्षण करणाऱ्या पांढऱ्या पेशींचं काम बिघडतं. धुरातले बेंझोपायरिनसारखे पदार्थ हाड घडवणाऱ्या पेशींना अडवतात, हे प्रयोगशाळेत दिसलंय. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य पाहणीवरून २००० साली मांडलेल्या हिशेबात सिगारेट ओढणाऱ्यांना हा आजार असण्याची शक्यता कधीच न ओढणाऱ्यांच्या सुमारे चौपट निघाली होती. आणि बेंझोपायरिन काही फक्त विडीत नसतं. ते चुलीच्या धुरात असतं, डिझेलच्या धुरात असतं, जळक्या ऑईलच्या वाफेत असतं. मशेरी भाजताना तव्यावरून उठणाऱ्या धुरातही असतं, आणि तो धूर घेणारी बाई कुठल्याच आकडेवारीत 'धूम्रपान करणारी' म्हणून नोंदली जात नाही.

धातूंचं आणखी वेगळं. १८४० साली हेन्री बर्टन या इंग्रज डॉक्टरने शिशाच्या विषबाधेच्या रोग्यांच्या हिरडीच्या कडेला निळसर काळी रेघ पाहिली. ती रेघ कशी येते हे फार बोलकं आहे. रक्तातलं शिसं हिरडीपर्यंत येतं, तिथे दातांवरच्या जंतूंनी तयार केलेल्या गंधकयुक्त वायूशी त्याची गाठ पडते आणि शिशाचा काळा क्षार तिथेच बसतो. म्हणून दात पडलेल्या माणसाला ही रेघ सहसा येत नाही. शरीरातलं शिसं शेवटी जाऊन बसतं हाडांतच. प्रौढ माणसाच्या अंगात जितकं शिसं असतं त्यातलं नव्वद टक्क्यांहून अधिक हाडांत असतं, आणि ते तिथे कित्येक दशकं मुक्काम करतं. जुन्या बॅटऱ्या फोडून शिसं वितळवणाऱ्याची हिरडी पाहायला पाच सेकंद लागतात. रेघ नसली म्हणजे शिसं नाही असं होत नाही, त्यासाठी रक्त तपासावंच लागतं. पण रेघ दिसली तर रक्त तपासायला पाठवण्यासाठी आणखी कशाची वाट पाहायची?

जबड्याचं हाड कामाच्या जागेवरच्या हवेने अक्षरशः सडू शकतं, हे जगाने एकदा डोळ्यांनी पाहिलेलं आहे. आगपेटीच्या काड्यांमुळे. एकोणिसाव्या शतकात काड्यांच्या गुलाला पांढरा फॉस्फरस लागायचा आणि त्याची वाफ कारखान्यात काम करणाऱ्या बायका-मुली दिवसभर श्वासातून घ्यायच्या. आधी दातदुखी. मग हिरडी सुजायची, गळू व्हायचं, दात काढला तरी जखम भरायची नाही. मग जबड्याचं हाड मरून त्याचे तुकडे बाहेर यायचे, आणि दुर्गंधी इतकी की घरातली माणसं जवळ बसत नसत. १८४५ मध्ये व्हिएन्नाच्या लोरिन्झर या डॉक्टरने हा आजार नोंदवला. कारण कळलं, पण काड्या स्वस्त होत्या. १८८८ मध्ये लंडनच्या ब्रायंट अँड मे कारखान्यातल्या मुलींनी संप केला. त्यांच्या मागण्यांत दंड आणि पगारातली कपात बंद करा याबरोबर हीसुद्धा होती की जेवायला वेगळी जागा द्या, फॉस्फरसच्या खोलीत डबा खायला लावू नका. दहा वर्षांनी, १८९८ मध्ये, जबड्याच्या आजाराच्या केसेस सरकारला न कळवल्याबद्दल त्याच कंपनीला दंड झाला. १९०६ च्या बर्न करारात पांढऱ्या फॉस्फरसच्या काड्यांवर बंदी ठरली. आपल्याकडे ती बंदी १९१३ च्या कायद्याने आली. कारण कळल्यापासून बंदी येईपर्यंत जवळपास सत्तर वर्षं गेली.

ही गोष्ट मी इतिहासाची आवड म्हणून सांगत नाही. तिच्यात आमच्या व्यवसायाचा एक धागा आहे. १९२४ मध्ये घड्याळांच्या तबकड्यांवर रेडियम रंगवणाऱ्या मुलींच्या जबड्यात काहीतरी विचित्र घडतंय, हे छापून सांगणारा थिओडोर ब्लम न्यूयॉर्कचा दंतवैद्य होता. त्या मुली ब्रश ओठांनी टोकदार करायच्या, तेव्हा तिथे विष गिळलं जात होतं, श्वासातून कमी. २००३ मध्ये हाडांत पसरलेल्या कॅन्सरसाठी दिल्या जाणाऱ्या औषधांमुळे जबड्याचं हाड मरू शकतं, हे मायामीच्या रॉबर्ट मार्क्स या जबड्याच्या सर्जनने जगापुढे आणलं. ती औषधंही फॉस्फरसचीच दूरची भावकी. दोन्ही वेळा आजाराचा पहिला सुगावा लागला तो तोंड उघडून पाहणाऱ्याला. जबड्याचंच हाड का, याचं उत्तर साधं आहे. अंगातल्या इतर बहुतेक हाडांवर मांस आणि कातडीची गादी असते. इथे दात हिरडी फोडून बाहेर आलेला असतो, आणि जंतूंनी भरलेलं तोंड आणि हाड यांच्यात नखभर हिरडीचा पडदा. बाहेरची हवा हाडाच्या इतक्या जवळ क्वचितच कुठे येते.

आता विरोधाकडे. माझे मित्र, त्यातले काही उत्तम डॉक्टर, म्हणतात, "अरे, तुझ्या सातपूरच्या दहा कामगारांपैकी बरेच जण तंबाखू मळतात. हिरड्या खराब व्हायला तेवढं पुरेसं आहे. कारखान्याच्या हवेला कशाला मध्ये ओढतोस?" हा मुद्दा खोटा नाही. हिरड्यांच्या आजारात तंबाखूचा वाटा कारखान्याच्या हवेपेक्षा पुष्कळ मोठा आहे, हे मी कबूल करतो. महाराष्ट्रात २०१२ पासून गुटख्याला बंदी आहे आणि तो कुठे मिळतो हे शाळकरी पोरालाही माहीत आहे, तेही कबूल.

पण या युक्तिवादाचा दवाखान्यात उपयोग कसा होतो ते पाहा. 'तंबाखू' हे उत्तर मिळालं की चौकशी संपते. एका शब्दात कारण सापडतं, दोषी सापडतो, आणि दोषी समोरच खुर्चीत बसलेला असतो. त्याला स्वतःलाही ते पटतं. अपराधी चेहऱ्याने पुडी खिशात सारतो आणि टाकीबद्दल बोलायचा राहतो. मग तोच पुरावा फिरून येतो: सगळ्या केसपेपरांवर तंबाखू, कामाचा उल्लेखच नाही, म्हणजे कामाने काही होत नाही. आपण प्रश्न विचारला नाही आणि उत्तर नाही म्हणून निकाल दिला. शिवाय दोन कारणं एकमेकांना खोडत नाहीत, ती एकमेकांना हात देतात. ज्याची हिरडी तंबाखूने आधीच निर्ढावली आहे, त्याला टाकीची वाफ कमी बाधेल असं कोणतं शास्त्र सांगतं? आणि हेही विचारावंसं वाटतं की आठ तास तोंडात आम्लाची चव घेऊन उभा राहणारा माणूस ती चव मारायला कशाचा विडा भरतो. माझ्या काकांनी तंबाखू कधी धरली विचारलं, तर म्हणाले, "प्लेटिंगला लागल्यावर. तोंड कडू व्हायचं ना."

दुसरा विरोध खर्चाचा. लहान गाळे, दहा-पंधरा माणसं, ऑर्डर मोठ्या कंपनीकडून, भाव तीच ठरवणार. मालक म्हणतो एक्झॉस्ट बसवायला पैसा कुठून आणू. त्याचं दुखणं खरं आहे. पण टाकीच्या कडेने हवा ओढून घेणारी झडप काही चंद्रावरून आणायची नाही. बाथच्या पृष्ठभागावर प्लास्टिकचे पोकळ चेंडू तरंगत सोडले तरी धुकं बरंच दबतं. धुकं दाबणारी रसायनंही मिळतात, पण तिथे डोळे उघडे ठेवावेत: क्रोमच्या बाथमध्ये वापरलं जाणारं पीएफओएस हे असंच एक रसायन होतं, ते निसर्गात मोडतच नाही म्हणून २००९ मध्ये न मोडणाऱ्या घातक रसायनांवरच्या स्टॉकहोम कराराच्या यादीत टाकावं लागलं. आगीतून फुफाट्यात जाण्यापेक्षा चेंडू बरे.

आणि या सगळ्यात दाताचा एक उपयोग आहे, जो मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. गंधकाम्लाच्या हवेतल्या प्रमाणावर कायद्याने मर्यादा घातलेली आहे, आठ तासांच्या सरासरीने एका घनमीटरमागे १ मिलिग्रॅम. ते मोजायला उपकरण लागतं, माणूस लागतो, आणि मोजणी होणार त्या दिवशी टाक्या किती चालू असतात हे शॉपमध्ये, म्हणजे प्लेटिंगच्या गाळ्यात, काम केलेल्याला विचारा. दात मात्र रोज मोजतो. कातडी भरून येते, घसा बसतो आणि सुटतो, पण गेलेलं दाताचं कवच परत येत नाही, म्हणून वर्षानुवर्षांची हजेरी त्यावर तशीच राहते. गंधकाम्ल असलेल्या तीव्र आम्लांच्या धुक्याला आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९२ मध्येच माणसात कॅन्सर करणाऱ्या कारणांत बसवलं आहे, आणि तिथे बोट आहे ते स्वरयंत्राच्या कॅन्सरकडे. एखाद्या शॉपमधल्या चार जणांचे पुढचे दात सारखेच झिजलेले दिसले, तर त्या शॉपची हवा चौघांच्या घशापर्यंत पोचलीय हे वेगळं सांगावं लागतं का? त्यासाठी लागतो तो आरसा, टॉर्च आणि दोन मिनिटं.

कायदा इथे काय म्हणतो? १९४८ च्या कारखाना अधिनियमाला जोडलेल्या तिसऱ्या अनुसूचीत कळवणं सक्तीचं असलेल्या आजारांची यादी होती. अशा रोग्यावर उपचार करणाऱ्या डॉक्टरने मुख्य कारखाना निरीक्षकांना कळवलंच पाहिजे, नाहीतर दंड, असा नियम होता. यादीत शिसं आहे, पारा आहे, क्रोमने होणारे व्रण आहेत, सिलिकोसिस आहे. फॉस्फरसची विषबाधाही आहे, म्हणजे १९१३ मध्येच बंदी आलेल्या आगकाड्यांच्या काळाची आठवण यादीने जपली आहे. आम्लाने झिजलेले दात नाहीत. नोव्हेंबर २०२५ पासून त्या अधिनियमाच्या जागी आलेल्या नव्या कामगार संहितेतली यादीही जवळपास तशीच पुढे आली. जर्मनीच्या अधिकृत यादीत १३१२ या क्रमांकावर 'आम्लांमुळे होणारे दातांचे आजार' असा स्वतंत्र धंदेवाईक आजार आहे. जर्मन कामगाराचा दात आपल्यापेक्षा मऊ असतो असं नाही.

नव्या संहितेने वयाची चाळिशी ओलांडलेल्या कामगारांची वर्षातून एकदा मोफत तपासणी आणली, हे चांगलं आहे. मग त्याच फॉर्मवर तोंडासाठी चार ओळी का नसाव्यात? पुढचे दात कसे आहेत, हिरडीच्या कडेला रेघ आहे का, दात हलतात का, तोंडात न भरणारी जखम आहे का. त्याच संहितेत विजेवर चालणारा वीसपेक्षा कमी कामगारांचा गाळा 'कारखाना' या व्याख्येतच बसत नाही. धोकादायक प्रक्रियेसाठी वेगळी तरतूद करता येते, पण कोणीतरी ती वापरावी लागते. प्लेटिंगचे लहान गाळे नेमके याच फटीत आहेत. कंत्राटी पोराची अवस्था तर तोंड दाबून बुक्क्यांचा मार. मी माझ्या काकांना चिठ्ठी लिहून दिली होती, कामाच्या जागेवरच्या आम्लामुळे दात झिजल्याची. त्यांनी ती नीट वाचली, घडी घातली आणि माझ्याच टेबलावर ठेवून गेले. ठेकेदाराला कळलं तर उद्या गेटवर पासच मिळणार नाही, म्हणाले. म्हणून ही जबाबदारी एकट्या रोग्यावर टाकून चालणार नाही. डॉक्टरने कळवणं कायद्याने बंधनकारक असेल तर "मी सांगितलं नाही, कायद्याने कळवलं" असं त्याला म्हणता येतं.

शहराच्या हवेबद्दल एक परिच्छेद, कारण वाचक विचारणारच. नाशिकची हवा छान हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. तरी केंद्राच्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमात मानकं न पाळणाऱ्या शहरांत नाशिकचं नाव आहे. आता सिंहस्थाची कामं, खोदलेले रस्ते, द्वारका चौकातला धूर. दक्षिण कोरियाच्या राष्ट्रीय पाहणीतून हवेतली धूळ आणि ओझोन जास्त असलेल्या भागांत हिरड्यांचे आजार जास्त दिसले. हा संबंध आहे, कारण सिद्ध झालंय असं नव्हे, आणि गंगापूर रोडवर फिरायला जाणाऱ्याने हिरड्यांच्या भीतीने घरी बसावं असं मी मुळीच म्हणणार नाही. दात नीट घासा, फिरायला जा. मला काळजी आहे ती ज्याला हवा निवडता येत नाही त्याची. त्यात निफाड-दिंडोरीकडचा द्राक्षबागेतला मजूरही येतो. ऑक्टोबर छाटणीनंतर वेलीचे डोळे, म्हणजे कोंब, फुटावेत म्हणून काड्यांना हायड्रोजन सायनामाइड लावतात. ते कातडीला आणि तोंडानाकाच्या आतल्या अस्तराला भाजणारं आहे, आणि त्या दिवसांत दारू घेतली तर माणूस लालबुंद होऊन धापा टाकतो हे बागेतल्या प्रत्येकाला माहीत असतं. तोंड आलं म्हणून तो तालुक्याच्या दवाखान्यात जातो तेव्हा त्याला बी-कॉम्प्लेक्सच्या गोळ्या मिळतात. परवा काय लावलंस, हे कोणी विचारत नाही.

आरोग्य विज्ञान विद्यापीठ याच शहरात आहे, म्हसरूळला. पंचवटीत दंतमहाविद्यालय आहे. अंबड-सातपूर तिथून अर्ध्या तासावर. दंतवैद्यकाच्या अभ्यासक्रमात धंदेवाईक आजारांचं प्रकरण असतं, मीही ते पाठ केलं होतं, परीक्षेत पाच मार्कांना. त्या प्रकरणाचं प्रात्यक्षिक शाळेतल्या मुलांचे दात मोजण्याऐवजी वर्षातून एकदा एखाद्या प्लेटिंग शॉपच्या गेटवर झालं, तर पुढच्या पिढीचा दंतवैद्य तरी पहिल्याच भेटीत माझ्यासारखा चकणार नाही.

मी एवढंच केलं की केसपेपर नव्याने छापून घेतले. नाव, वय, पत्ता याच्या खाली एक ओळ वाढवली: काम. पहिले काही आठवडे त्या ओळीत सगळ्यांचं एकच उत्तर यायचं, "कंपनीत." रिसेप्शनवरच्या ताईंना सांगितलं, तेवढ्यावर सोडायचं नाही. आता त्या विचारतात, "कंपनीत कुठं? हाताने काय करता? अंगावर काय उडतं?" रांगेतले लोक आधी वैतागायचे. हल्ली एकाने सांगितल्यावर मागचा आपणहून बोलू लागतो. परवा श्रमिकनगरचा पंचविशीतला एक मुलगा दात किडला म्हणून आला होता. त्याच्या ओळीत ताईंनी लिहिलं होतं: बॅटरी चार्जिंग, तीन वर्षं, सुट्टीच्या दिवशी बरं वाटतं.

त्याचे पुढचे दात अजून पुरेसे लांब आहेत. कडा मात्र पारदर्शक व्हायला लागल्यात.